पहिला पाऊस पडला. कळप माळावर कधी सोडायचा?

प्रश्न : पूर्वी पावसाला सुरुवात झाली की दोन-तीन आठवड्यांत माळ हिरवा व्हायचा आणि मेंढरे तिकडे हलवता यायची. आता एक जोरदार सर येते, मग पंधरा-वीस दिवस उघडीप. फुटलेले गवत पिवळे पडते. कळप नेमका कधी हलवावा?

उत्तर : तारखेवर विसंबू नका, गवत पाहा. हवा एक अंशाने तापली की सुमारे ७ टक्के जास्त बाष्प धरते. त्यामुळे पाऊस थोड्या वेळात धो-धो पडतो आणि मधली उघडीप लांबते. उघड्या माळावर यातले बरेच पाणी मुरण्याआधीच वाहून जाते.

मारवेल, पवन्या अशा बहुवार्षिक गवतांचे पहिले कोंब मुळात व बुडख्यात साठवलेल्या अन्नावर फुटतात. ते कोवळे पाते मेंढराने खुडले की ठोंब पुन्हा त्याच साठ्याला हात घालतो आणि तोवर ओलही संपलेली असते. ओळीने दोन-तीन वर्षे हेच घडले तर चांगली गवते विरळ होतात, त्यांच्या जागी लवकर वाळणारी हंगामी गवते आणि झुडपे माजतात.

माळाच्या वेगवेगळ्या भागांतले वीस-पंचवीस ठोंब मोजा. बहुतेकांची उंची १५ सेंटिमीटरच्या पुढे गेली असेल आणि ओढल्यावर पाते तुटून ठोंब जागेवर राहत असेल, तरच कळप सोडा. तोवर वाळला चारा हाताशी लागतोच. त्याची तजवीज आदल्या हंगामातच करावी लागते.

किती दिवस चारायचे, याचा हिशेब असा. एक मीटर लांब-रुंद चौकटीतले गवत आठ-दहा ठिकाणी कापा, कडकडीत वाळवा, मग वजन करा. चौकटीमागे सरासरी ८० ग्रॅम भरले तर हेक्टरी ८०० किलो. त्यातले निम्मे उभे ठेवायचेच, कारण निम्म्याहून जास्त पाला गेला की मुळांची वाढ थांबू लागते. उरलेल्या ४०० किलोंपैकी निम्मे तुडवण्यात आणि वाया जाण्यात धरा. हाती उरतात २०० किलो. तीस किलोची मेंढी रोज साधारण ९०० ग्रॅम सुका चारा खाते, म्हणजे २० मेंढ्यांना हेक्टरभर माळ जेमतेम ११ दिवस. सर्वांत मोठी चूक ओले गवत तोलण्याची. त्यात बहुतांश पाणीच असते आणि आकडा कित्येक पटींनी फुगतो. हिशेब कमी भरला तर भाकड व म्हातारी जनावरे लगेच कमी करा. ती खंगल्यावर दर मिळत नाही, आणि तोवर त्यांनी गाभण मेंढ्यांचा चारा खाल्लेला असतो.

कोवळ्या चाऱ्यावर एकदम सोडल्यास आंत्रविषाराने (आतड्यात जिवाणूंचे विष तयार होऊन जडणारा रोग) धडधाकट कोकरेही पटापट दगावतात. त्याची लस चराई बदलण्याच्या किमान दोन आठवडे आधी हवी. पहिल्यांदाच टोचत असाल तर दोन मात्रा लागतात. पहिले काही दिवस वाळला चारा खाऊ घालूनच तास-दोन तास चरायला सोडा. उघडिपीत खुरटलेल्या कोवळ्या ज्वारीत तर जनावर अजिबात जाऊ देऊ नका, विषबाधा होते.

प्रश्न : वाळके गवत भरपूर असूनही जनावरे का खंगतात?

उत्तर : त्यात प्रथिने कमी पडतात. ती साधारण ७ टक्क्यांखाली गेली की कोठीपोटातले (पोटाचा पहिला मोठा कप्पा) चारा पचवणारे जिवाणू मंदावतात, चारा पोटात रेंगाळतो आणि जनावर खाणेच कमी करते. हवेतला कार्बन डायऑक्साइड वाढल्याने अनेक वनस्पतींतले प्रथिनांचे प्रमाण आणखी घटते. अशा वेळी नुसते गवत वाढवून उपयोग नाही. झाडपाला किंवा थोडी पेंड द्या. दुपारच्या उन्हात जनावर चरत नाही, म्हणून पहाटे लवकर आणि सायंकाळी उशिरापर्यंत चरायला सोडा, आणि दुपारी सावलीजवळ पाणी ठेवा.