तव्यावरचा पानिनो : वाचकांच्या दोन शंका

प्रश्न : आम्ही यवतमाळ जिल्ह्यातील एका खेड्यात राहतो. पुण्यात शिकणारा मुलगा दिवाळीला घरी आला, तेव्हा त्याने ‘पानिनी’ नावाच्या इटालियन सँडविचचे फार कौतुक केले. म्हणून मी लादीपाव, कांदा, टोमॅटो आणि पनीर घेऊन तव्यावर तसे करून पाहिले. पाव दबून पापडासारखा झाला, टोमॅटोला पाणी सुटले आणि पनीर होते तसेच राहिले. विजेचे यंत्र घ्यावे, तर संध्याकाळी नेमके भारनियमन असते. यंत्राशिवाय हा पदार्थ जमेल का?

उत्तर : जमेल, ताई. आपल्या तिन्ही तक्रारींपैकी एकीचाही यंत्राशी संबंध नाही.

पाण्यापासून सुरुवात करू, कारण बहुतेकांचा पदार्थ तिथेच बिघडतो. पाव खरपूस होण्यासाठी त्याचा पृष्ठभाग साधारण १४० अंश सेल्सिअसपर्यंत तापावा लागतो. परंतु त्यात ओल आहे तोवर तो १०० अंशांच्या फारसा पुढे जात नाही, आणि पाव भाजला न जाता नुसता वाफवला जातो. टोमॅटोच्या चकत्या बिया काढून, मीठ लावून दहा मिनिटे चाळणीत ठेवाव्यात आणि स्वच्छ फडक्याने टिपून घ्याव्यात. कच्चा कांदा मी घालतच नाही. त्याऐवजी वांगे घ्यावे. इटलीच्या दक्षिण भागात भाजलेल्या वांग्याच्या चकत्यांना लसूण व तेल लावून त्या पावात घालण्याची पद्धत आहे, आणि पऱ्हाटीच्या निखाऱ्यावर वांगी भाजणाऱ्या आपल्या भागाला ती चव मुळीच परकी वाटणार नाही. मात्र भरतासाठी भाजतो तसे अख्खे वांगे घेतल्यास सोलल्यावर ते पाव तास चाळणीत निथळू द्यावे. खाली वाटी ठेवली की त्यातून किती पाणी निघते ते दिसेल.

पनीर वितळले नाही, यात आपली काहीही चूक नाही. लिंबू किंवा व्हिनेगर घालून फाडलेल्या दुधाचे पनीर कितीही तापवले तरी वितळत नाही, ते फक्त कोरडे होत जाते. मोझरेला चीजचे दही रेनेटने, म्हणजे दूध गोठवणाऱ्या विरजणासारख्या पाचक द्रव्याने, लावतात, ते थोडे आंबू देतात आणि मग गरम पाण्यात ताणतात. म्हणून ते वितळते आणि त्याला तार सुटते. इटलीतील कांपानिया प्रांतात ते म्हशीच्या दुधापासून करतात. तालुक्याच्या दुकानात मोझरेला मिळाले नाही, तर चौकोनी तुकड्यांचे साधे प्रक्रिया केलेले चीज किसून घालावे. त्याला तार सुटणार नाही, पण ते व्यवस्थित वितळेल. सारण एकंदरीत कमीच ठेवावे. आपण आलूपराठ्याच्या सवयीने ठासून भरतो, तिथे इटलीचा माणूस दोन-तीन जिनसांवर थांबतो.

पावाविषयी सांगायचे, तर लादीपाव या कामाला फार मऊ आहे. बेकरीतून न कापलेली डबलरोटी आणावी, ती एक दिवस शिळी होऊ द्यावी आणि बोटभर जाडीचे काप करावेत. घरीच करायचा असल्यास पाव किलो मैद्यात पावणेदोनशे मिलीलिटर पाणी, एक लहान चमचा कोरडे यीस्ट, तेवढेच मीठ आणि एक मोठा चमचा तेल घालून सैल पीठ भिजवावे. उन्हाळ्यात ते तासाभरात फुगते, तेव्हा माठातले पाणी वापरावे. पौषात मात्र अडीच-तीन तास धीर धरावा लागतो. फुगलेल्या पिठाच्या बोटभर जाड दशम्या थापून, झाकण ठेवून, मंद आचेवर प्रत्येक बाजूने सहा-सात मिनिटे भाजाव्यात. पीठ हाताला चिकटले तरी वरून मैदा घालू नये. पानिनोसाठी वापरला जाणारा चाबात्ता नावाचा पाव याहूनही सैल पिठाचा असतो. तो फार जुना असेल असे वाटते खरे, पण व्हेनिसजवळच्या आद्रिया गावी आर्नाल्दो काव्हाल्लारी यांनी तो १९८२ मध्ये तयार केला.

आता भाजणे. बिडाचे दोन तवे घ्यावेत आणि दोन्ही वेगवेगळ्या शेगड्यांवर तापवावेत. तेल तव्यावर न ओतता पावाच्या बाहेरच्या बाजूंना पातळ पुसावे. ऑलिव्हचे तेल परवडत नसल्यास शेंगदाण्याचे चालेल. जवसाचे तेल घरात असले तरी ते तापवण्याजोगे नाही. एका तव्यावर सँडविच ठेवून दुसरा तापलेला तवा पालथा न घालता तसाच वर ठेवावा आणि त्यात लोखंडी खल ठेवावा, म्हणजे दोन्ही बाजू एकदमच भाजल्या जातात. मी पहिल्यांदा वजन म्हणून वरवंटा ठेवला होता. तो घरंगळून ओट्यावरून खाली पडला आणि फरशीचा टवका उडाला. खालची आच मंद ठेवून चार-पाच मिनिटांत चीज कडेने डोकावू लागले की उतरवावे. यंत्रामुळे उठतात तशा काळ्या रेघा उठणार नाहीत. त्या दिसायला छान असतात, इतकेच. सपाट तव्यावर पावाचा अधिक भाग तांबूस होतो.

प्रश्न : मी गडचिरोली जिल्ह्यात शिक्षक आहे. या सँडविचच्या नावाचा व्याकरणकार पाणिनींशी काही संबंध आहे का? मुले वर्गात विचारतात.

उत्तर : काहीही नाही. इटालियन भाषेत ‘पाने’ म्हणजे पाव. त्यावरून ‘पानिनो’ हे एकवचन आणि ‘पानिनी’ हे अनेकवचन. म्हणजे ‘एक पानिनी द्या’ ही मागणी व्याकरणाच्या दृष्टीने चुकीचीच. इटलीत पानिनो भाजलेलाच असतो असेही नाही. कोणत्याही भरलेल्या पावाला हा शब्द चालतो. मुलांना सांगण्याजोगे नाते दुसरेच आहे. आपला ‘पाव’ पोर्तुगीज ‘पाँव’वरून आला, आणि तो पोर्तुगीज शब्द व इटालियन ‘पाने’ हे दोन्ही लॅटिनमधील ‘पानिस’ या एकाच शब्दापासून निघाले आहेत.