सिक्वेन्सिंगच्या काळात समुद्री सूक्ष्मजीवशास्त्र शिकावे का?

सप्रेम नमस्कार.

आपली कन्या सूक्ष्मजीवशास्त्र घेऊन बी.एस्सी.च्या शेवटच्या वर्षाला आहे आणि तिला समुद्रातल्या सूक्ष्मजीवांवर संशोधन करायचे आहे, असे आपण रत्नागिरीहून कळवले आहे. डीएनए वाचण्याचे काम (सिक्वेन्सिंग) आता यंत्रे करतात आणि त्याचा अर्थ संगणकावर लावला जातो, तेव्हा तिने सरळ बायोइन्फर्मेटिक्सच (जैविक माहितीचे संगणकावरील विश्लेषण) घ्यावे, असा सल्ला आपल्याला मिळाला आहे. जहाजावर राहावे लागेल का आणि पुढे नोकरीचे काय, हे आपले आणखी दोन प्रश्न आहेत.

मिळालेला सल्ला निम्माच बरोबर आहे. समुद्राच्या एक मिलिलिटर पाण्यात साधारण दहा लाख जिवाणू असतात आणि त्यांतले बहुतेक प्रयोगशाळेत जिवाणू वाढवण्याच्या अगारच्या प्लेटवर वाढत नाहीत, म्हणून पाण्यातून थेट डीएनए काढून वाचण्याच्या पद्धतीने या विषयाचे रूपच बदलले. सार-११ हा समुद्रात सर्वत्र आढळणारा जिवाणूगट १९९० मध्ये केवळ त्याच्या जनुकावरून ओळखला गेला. तो प्रयोगशाळेत वाढवायला मात्र २००२ उजाडले, आणि तेही नेहमीचे सकस माध्यम बाजूला ठेवून समुद्राच्याच निर्जंतुक पाण्यात, अगदी विरळ करून वाढवला तेव्हा.

याहून ताजे उदाहरण तिने शिक्षकांकडून ऐकलेही असेल. १९९८ मध्ये अमेरिकेतील जोनाथन झेर यांच्या गटाला प्रशांत महासागराच्या पाण्यात नायट्रोजन स्थिर करणाऱ्या, म्हणजे तो सजीवांना वापरता येईल अशा रूपात आणणाऱ्या, एका अनोळखी जिवाणूच्या डीएनएचा लहानसा तुकडा मिळाला. पुढे त्याचा जीनोमही (संपूर्ण डीएनए) वाचून झाला, तेव्हा प्रकाशसंश्लेषणाची अर्धी यंत्रणा त्यातून गळालेली दिसली. म्हणजे तो एकटा जगत नव्हता. कोणाच्या आश्रयाने जगतो, हे २०१२ मध्ये कळले: एका सूक्ष्म शैवालाच्या. पण ते शैवाल जिवंत ठेवून वाढवल्याखेरीज पुढचे काहीच तपासता येत नव्हते. जपानमधील क्योको हागिनो यांनी त्यासाठी दहा वर्षांहून अधिक काळ पुन्हा पुन्हा समुद्राचे पाणी आणून प्रयत्न केले आणि शैवाल वाढवून दाखवले. प्रयोगशाळेत वाढवलेले ते शैवाल (कल्चर) हाती होते म्हणूनच २०२४ मध्ये सिद्ध करता आले, की हा जिवाणू शैवालाच्या पेशीबरोबरच विभागतो, त्याला लागणारी अनेक प्रथिने पेशी पुरवते, आणि म्हणून तो आता पाहुणा न राहता पेशीचे अंगकच, म्हणजे पेशीच्या आतला कायमचा भागच, झाला आहे. त्याला नायट्रोप्लास्ट हे नाव मिळाले. हवेतला नायट्रोजन स्थिर करणारे अंगक तोवर कोणत्याही पेशीत माहीत नव्हते.

म्हणून माझे स्पष्ट मत असे आहे, की तिने एम.एस्सी. सूक्ष्मजीवशास्त्रातच किंवा समुद्री जैवतंत्रज्ञानात करावी आणि संगणकाचे काम सोबत शिकावे. लिनक्स ही संगणक प्रणाली, पायथन किंवा आर ही प्रोग्रॅमिंगची भाषा आणि संख्याशास्त्र दोन वर्षांत नीट अंगवळणी पडते. नाजूक जीव वाढवणारा हात मात्र प्रयोगशाळेत प्रत्यक्ष काम करूनच तयार होतो, आणि तसे हात आज कमी आहेत. पुणे विद्यापीठ, गोवा विद्यापीठ आणि कोचीचे कुसॅट (कोचीन विज्ञान व तंत्रज्ञान विद्यापीठ) यांचे अभ्यासक्रम तिने पाहावेत.

तिच्या आवडीचा विषय तर दारातच आहे. अरबी समुद्रात साधारण दीडशे मीटरखाली प्राणवायू जवळजवळ नसलेला पाण्याचा जाड थर आहे आणि तिथले जिवाणू प्राणवायूऐवजी नायट्रेट वापरून श्वसन करतात. पावसाळ्यात व त्यानंतर असे पाणी पश्चिम किनाऱ्यालगतही वर येते आणि त्यातून नायट्रस ऑक्साइड हा तापमान वाढवणारा वायू बाहेर पडतो. गोव्यात दोनापावला येथील राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेने यावर अनेक वर्षे काम केले आहे.

जहाजाबद्दल काळजी नसावी. मोहिमा काही आठवड्यांच्या असतात आणि वर्षातला बहुतेक वेळ प्रयोगशाळेतच जातो. पुणे विद्यापीठाच्या पदवीधर आणि राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेच्या शास्त्रज्ञ डॉ. अदिती पंत १९८३ च्या अंटार्क्टिका मोहिमेत गेल्या होत्या. जहाजावरचे काम कसे असते, हे मात्र तिने समजून घ्यावे. रात्री दोन वाजताही समुद्रात खोल सोडलेल्या, पाण्याचे नमुने घेणाऱ्या बाटल्या वर येतात. मग लिटरमागून लिटर पाणी ०.२२ मायक्रॉनच्या फिल्टरमधून गाळायचे, पिवळसर पडलेला फिल्टरचा तो कागद चिमट्याने उचलून नळीत घालायचा, नळीवर पाणी किती मीटर खोलीवरून घेतले ते आणि वेळ लिहायची आणि ती लगेच गोठवायची. खोली चुकीची लिहिली गेली, तर महिन्याभराने आलेला सगळा डीएनएचा डेटा निरुपयोगी ठरतो.

नोकरीबद्दल आपल्याला खोटा दिलासा देणार नाही. संशोधनातल्या कायम जागा थोड्या आहेत आणि पीएच.डी.ला पाच-सहा वर्षे लागतात. नेट ही राष्ट्रीय परीक्षा उत्तीर्ण होऊन जेआरएफ ही संशोधन शिष्यवृत्ती मिळाल्यास २०२३ पासून दरमहा ३७,००० रुपये मिळतात, म्हणजे त्या काळात घरावर भार पडत नाही. एम.एस्सी.वरच थांबायचे ठरले, तर सिक्वेन्सिंग प्रयोगशाळा, कोळंबीच्या हॅचरीत (बीज केंद्रात) रोग पसरवणाऱ्या व्हिब्रिओ जिवाणूंची तपासणी आणि जहाज स्थिर ठेवण्यासाठी टाक्यांत भरलेल्या बॅलास्ट पाण्याची तपासणी ही कामे आहेत. तिथेही कल्चर आणि डीएनए ही दोन्ही अंगे जाणणाऱ्याला आधी विचारले जाते.

निर्णयापूर्वी तिने येत्या सुट्टीत दोन महिने एखाद्या संशोधन प्रयोगशाळेत काम करावे. त्यासाठी संबंधित शास्त्रज्ञांचा एखादा शोधनिबंध वाचून, त्यातला न कळलेला एक प्रश्न नेमका मांडणारा ई-मेल तिने पाठवावा. तो तिने स्वतः लिहावा, आपण लिहून देऊ नये.