टांझानियाचे फोटो

प्रश्न : माझे दीर-जाऊ टांझानियात मोशीजवळ मिशनच्या दवाखान्यात कामाला होते. त्यांचे घरचे, प्रवासाचे आणि दवाखान्यातल्या आजारी लेकरांचे फोटो माझ्याकडे आहेत. नातेवाइकांच्या ग्रुपवर टाकू का? — एक भगिनी, खानापूर

उत्तर : ताई, घरचे जरूर टाका. किलिमांजारोसमोर (५,८९५ मीटर!) उभ्या जाऊबाई पोरांना दिसू देत. पण खाटेवरचं आजारी लेकरू नको. त्याच्या आईला कुणी विचारलं होतं? आपल्या लेकराचं असं केलेलं आपल्याला चालेल?

आणि खानापूरचा पाऊस! माझ्या आईच्या लग्नाचा अल्बम बुरशीनं गेला, अजून जीव हळहळतो. चिकट पानांतून फोटो आत्ताच अलगद काढा, कोरड्या डब्यात ठेवा. मागं मऊ पेन्सिलीनं गाव, साल, माणसं लिहा. जाऊबाईंना आठवतंय तोवरच विचारून घ्या.