चहाच्या वर्गणीत नाव नाही

मी समुपदेशक. नोकरीचं पहिलं वर्ष सरता सरता जी पोरंपोरी माझ्याकडे येतात, त्यांचा प्रश्न बहुतेक एकच असतो. “मॅडम, ऑफिसात मले कोणी वाईट बोलत नाही. पण मी तिथली वाटत नाही. माह्यातच काही कमी असंन का?” कोणी बँकेत असतं, कोणी आरोग्य केंद्रात, कोणी जिनिंगच्या ऑफिसात. घरच्यांनी सल्ला आधीच देऊन ठेवलेला असतो: थोडं ॲडजस्ट कर, हसूनखेळून राहा, दिवस गेले की होते सगळं बरोबर. कधी तो खरा ठरतोही. पण प्रत्येकालाच तो देत सुटलं, की इतरांच्या वागण्याचा हिशेबही त्या पोराच्याच माथी बसतो.

आज जिची हकिकत सांगते, तिची परवानगी घेतली आहे. ओळख पटेल असं जे जे होतं ते बदललं आहे.

ती यवतमाळ जिल्ह्यातल्या एका कोलाम पोडावरची. केळापूर, झरी जामणी, मारेगाव या पट्ट्यात गावापासून जराशा अलग अशा कोलामांच्या वस्त्या आहेत, त्यांना पोड म्हणतात. कातकरी, माडिया गोंड आणि कोलाम या महाराष्ट्रातल्या तीन आदिम जमाती, म्हणजे आदिवासींतही सरकारनं विशेष असुरक्षित ठरवलेल्या. कोलामी ही द्राविडी कुळातली भाषा, मराठीच्या कुळातली नाही, त्यामुळे पोडावरचा माणूस मराठी बोलला की अनेकदा सुरावरून ओळखू येतो. ही पोरगी आश्रमशाळेत शिकली, पदवी घेतली, तालुक्याच्या अभ्यासिकेत बसून परीक्षा दिल्या आणि एका पंचायत समितीत कनिष्ठ सहायक म्हणून लागली. पोडावरची पहिलीच सरकारी नोकरी. मग सुरू झाली डोकेदुखी. रविवारी संध्याकाळपासून डोकं धरायचं, सोमवारी पहाटे झोप उडायची. ग्रामीण रुग्णालयात तपासण्या झाल्या, काही निघालं नाही, म्हणून डॉक्टरांनी माझ्याकडे पाठवलं.

सोबत आई होती, आणि ती घाबरलेली होती. आमच्या भागात समुपदेशन म्हटलं की लोकांना शेतकरी आत्महत्याच आठवते. २०१५ पासून विदर्भ-मराठवाड्याच्या चौदा जिल्ह्यांत शेतकरी आत्महत्या रोखण्यासाठी सरकारचा प्रेरणा प्रकल्प सुरू झाला, आशाताई घरोघरी विचारपूस करू लागल्या, तेव्हापासून हा शब्द गावात पोचला तो त्याच अर्थानं. “पोरगी जिवाचं काही करून तं नाही ना घेणार?” आईनं दारातच विचारलं. मी पोरीला एकटीला घेऊन तोच प्रश्न सरळ विचारला. तसं काही मनात नव्हतं. राजीनामा मात्र होता, पर्समध्ये, लिहून तयार.

मी तिला एक वही घालायला सांगितली. मनाला काय वाटलं ते नंतर लिहू, आधी घडलं काय तेवढंच लिही. पुढच्या वेळी ती वही घेऊन आली, ती वाचताना मीच थांबत थांबत वाचली.

दोन वाजता आस्थापनेच्या खोलीत बायकांचे डबे उघडतात. तिला कोणी ‘येऊ नको’ म्हटलेलं नाही, ‘ये’ असंही कोणी म्हटलेलं नाही. ऑफिसचे व्हॉट्सॲप ग्रुप दोन. एक सगळ्यांचा, एक ‘आपला’. अकराची आढावा बैठक दहाला घेतली हे ‘आपल्या’ ग्रुपवर आलं. ती पावणेअकराला पोचली आणि सगळ्यांदेखत बोलणी खाल्ली. रुजू झाली त्या दिवशी एका बाबूंनी आडनाव विचारलं, मग गाव विचारलं, मग कोटा विचारला, मग हसून म्हणाले, “बरं आहे तुमचं.” आणि चहा. महिन्याच्या पहिल्या आठवड्यात परिचर टेबलाटेबलावरून चहाची वर्गणी गोळा करतो, तिच्या टेबलावर येत नाही. चहा मात्र रोज देतो. बाकीच्यांना काचेच्या ग्लासात, तिला कागदी कपात.

आई म्हणाली, “पैसे वाचले ना मंग!” मला मात्र वहीतली सगळ्यात बोलकी नोंद ही वर्गणीचीच वाटली. ज्याच्याकडे पैसे मागतात तो घरचा. ज्याला फुकट पाजतात तो पाहुणा. पहिल्या दिवशी पाहुणी असणं ठीक आहे. वर्षभर पाहुणीच राहिली तर त्या पोरीनं काय समजायचं?

तरीही घाई करायची नसते. नवं माणूस कुठेही थोडे दिवस बाहेरच असतं. म्हणून मी सगळ्यांना विचारते तो प्रश्न तिलाही विचारला: तुझ्याबरोबर आणखी कोण रुजू झालं? त्याचं काय झालं? त्याच महिन्यात दारव्ह्याकडचा एक पोरगा लागला होता. पंधरवड्यात तो दोन्ही ग्रुपवर होता, वर्गणी देत होता, भिशीतसुद्धा होता. बोलायला तो तिच्याहून लाजरा, असं तिचंच म्हणणं. म्हणजे प्रश्न नवखेपणाचा नव्हता आणि तिच्या अबोल स्वभावाचाही नव्हता; फरक होता तो जमातीचा. हे कळल्यावर ती रडली आणि मग म्हणाली, “बरं वाटून राहिलं, मॅडम.” ज्यांना वर्षभर ‘तूच मिसळत नाहीस’ असं ऐकवलेलं असतं, त्यांना खरं कारण दिसलं की असं होतं.

कायदाही मी तेव्हाच सांगितला. अनुसूचित जाती-जमातीच्या माणसाला त्या बाहेरच्या कोणी चारचौघांत जाणूनबुजून जमातीवरून अपमानित केलं, तर १९८९ च्या अत्याचार प्रतिबंधक कायद्याखाली तो गुन्हा आहे. तुला त्या वाटेनं जायचं असेल तर मी सोबत येईन, म्हटलं. समजूत घालणं आधी आणि हक्क नंतर, हा क्रम मला पटत नाही. माणसाला दुसरी वाट आहे हे ठाऊक असलं, तरच पहिली वाट त्यानं निवडली असं म्हणता येतं. तिनं विचार करून सांगितलं, “तक्रार नाही करायची. मले तिथंच काम करायचं आहे.”

‘बरं आहे तुमचं’ हे वाक्य मात्र तिच्या डोक्यातून निघत नव्हतं. “खरंच कोट्यातून लागली मी. त्याईचं काय चुकलं?” मी तिला आवक-जावकच्या नोंदी काढून आणायला सांगितल्या, कारण टेबल तिच्याकडे तेच होतं. एकही टपाल तिच्यापाशी अडलेलं नव्हतं. तिच्या आधी तिथे गठ्ठे साचलेले असायचे. मग बाबासाहेबांचं बडोद्याचं बोललो. १९१७ साली कोलंबिया विद्यापीठात शिकून आलेल्या माणसाच्या टेबलावर शिपाई लांबूनच फायली टाकत, प्यायला पाणी मिळत नसे. तिथे कुठला कोटा होता? माझ्यात काय कमी, हा प्रश्न तिनं त्यानंतर पुन्हा विचारला नाही.

एक पाऊल तिनं स्वतः टाकलं. परिचराला बोलावून पैसे पुढे केले. तो म्हणाला, “राहू द्या ना ताई.” प्रेमानंच म्हणाला असेल. पण पैसे घेतले नाहीत. इथवर आल्यावर माझं मत पक्कं झालं की उरलेलं काम तिचं नाही, साहेबांचं आहे. समुपदेशकानं कचेरीत जाणं जोखमीचं असतं; उद्या ‘चुगली करणारी’ असा शिक्का तिच्यावरच बसायचा. म्हणून जायचं की नाही हे तिनं ठरवलं, आणि काय बोलायचं नाही हेही तिनंच ठरवलं. बाबूंचं नाव घ्यायचं नाही, ही अट.

साहेब भला माणूस. “आमच्याकडे भेदभाव नाही जी,” हे पहिलं वाक्य. हे वाक्य मी भल्या माणसांकडूनच जास्त ऐकते. मी ग्रुपचं, बैठकीच्या वेळेचं, वर्गणीचं सांगितलं. ते मनापासून ओशाळले आणि त्यांनी काय केलं? नऊ ऑगस्टला आदिवासी दिनी तिचा शाल-श्रीफळ देऊन सत्कार केला आणि कोलामी गाणं म्हणायला लावलं. ती माझ्याकडे आली ती चिडूनच. “दारव्ह्याच्या पोराले तं कोणी गाणं म्हणाले नाही लावलं!”

त्यानंतर जे झालं ते जास्त गुंतागुंतीचं. पीएम-जनमन ही १५ नोव्हेंबर २०२३ ला सुरू झालेली आदिम जमातींसाठीची योजना, तिच्या घरकुलांची कामं पंचायत समितीत चालू होती. एक म्हातारे बाबा पोडावरून पुन्हा पुन्हा चकरा मारत होते. आधार आणि बँक खातं यांतलं नाव जुळत नव्हतं. बाबू मराठीत समजावत, बाबा ‘हो हो’ म्हणत आणि तसेच परत येत. तिनं कोलामीत दोन मिनिटं सांगितलं, काम झालं. सगळं ऑफिस बघत होतं. त्या दिवशी ती खूश होती. पण मग पोडावरचं प्रत्येक माणूस, प्रत्येक कागद तिच्याकडे वळायला लागला. “त्याईचं काम आहे, तिकडे जा.” आधी ती ऑफिसच्या बाहेर होती, आता ऑफिसातच एक कोपरा तिला आखून दिला. भाषेचा उपयोग व्हावा, जरूर व्हावा, पण तेवढ्यावरच तिला मोजलं तर बढतीची, लेखा शिकण्याची वाट बंद होते. साहेबांना हे समजावून सांगायला वेळ लागला. त्यांना वाटत होतं, आपण तर मान दिला.

शेवटी जे बदललं ते दिसायला किरकोळ. बैठकीचे निरोप फक्त सगळ्यांच्या ग्रुपवर, नाहीतर ते ग्राह्य नाहीत, असं साहेबांनी लेखी काढलं. वर्गणी गोळा करण्याचं काम महिन्याला एकेकाकडे, पाळीनं, त्यात तिचंही नाव. चहा सगळ्यांना एकाच तऱ्हेच्या ग्लासात. फायलीवर टिप्पणी कशी लिहायची हे तिला शिकवायची जबाबदारी एका ज्येष्ठ सहायक बाईंवर टाकली. घरकुलाच्या टेबलावरच्या दोघांनी कोलामीतले कामापुरते शब्द तिच्याकडून लिहून घेतले. टेबलांची फेरमांडणी निघाली तेव्हा लक्षात आलं की पायानं अधू असलेले एक लिपिक रोज जिना चढून वर बसतात आणि आजवर त्यांनी तोंडातून शब्द काढलेला नाही. दिव्यांग हक्कांचा कायदा २०१६ चा, सरकारी कार्यालयाला तो बांधीलच आहे, तरी त्यांचं टेबल खाली आलं ते या निमित्तानं.

सगळं गोड झालं असं नाही. ‘बरं आहे तुमचं’ म्हणणारे बाबू अजून तसेच आहेत. आस्थापनेच्या खोलीत ती आजही जेवत नाही. टिप्पणी शिकवणाऱ्या बाई आणि ते खाली आलेले लिपिक यांच्याबरोबर जेवते. मला ते पुरेसं वाटतं, तिलाही. पंधरा माणसांनी आपलं म्हणायची गरज नसते. दोघांनी म्हटलं आणि बाकीच्यांनी कामाची बातमी लपवली नाही, तरी पोरीला नीट झोप लागते.

तुम्ही असल्या जागी असाल तर आधी वही घाला, आणि सोबत लागलेल्याशी ताडून बघा. फरक दिसला तर एकट्यानं ‘मिसळत’ बसू नका. वरच्या माणसाला घडलेली गोष्ट सांगा, भावना नंतर. आणि तुम्हीच साहेब असाल तर शाल विकत घेण्याआधी चहाच्या वर्गणीची यादी मागवून बघा. रात्र काढणं अवघड होत असेल, जिवाचं बरंवाईट मनात येत असेल तर १४४१६ वर टेली-मानस या सरकारी हेल्पलाइनला फोन करा. मराठीत बोलता येतं, पैसे लागत नाहीत.

तिची डोकेदुखी गेली, राजीनामा तिनं कधी फाडला ते मी विचारलं नाही. मधूनमधून येते. गेल्या खेपेला खात्याच्या परीक्षेचा लेखाशास्त्राचा पेपर अवघड जातोय म्हणून आली होती. ते मला शिकवता येत नाही, म्हणून एका निवृत्त लेखाधिकाऱ्यांचा पत्ता दिला.