माझा अर्ज मला एकटीला भरता आला पाहिजे

प्रश्न असा आहे: राज्य सरकारच्या ऑनलाइन सेवा सगळ्या रहिवाशांना वापरता याव्यात म्हणून काय करायला हवं? सेवा व्हॉट्सअ‍ॅपवर आल्या की अडचण सुटेल का?

मी पूर्ण अंध आहे. लहानपणी रातांधळेपणा होता, पस्तिशीला उरलीसुरली नजर गेली. भांडुपला राहते, फोर्टमधल्या एका खाजगी कंपनीत टेलिफोन ऑपरेटर आहे. हा विषय निघाला की लोकांचं पहिलं वाक्य ठरलेलं असतं, "सेवा केंद्रं आहेत की जागोजागी, ज्याला जमत नाही त्याने तिथे जावं." माझा धाकटा भाऊही हेच म्हणतो, आणि तो सरकारी संकेतस्थळं बनवणाऱ्या एका कंपनीत नोकरीला आहे. त्यामुळे हे उत्तर लांबणार.

जुलै २०२३ ची गोष्ट. मुलीचा बी. फार्म.चा प्रवेश तोंडावर आला होता. तेव्हा आर्थिकदृष्ट्या मागास घरातल्या मुलांना शिक्षण शुल्क निम्मं माफ व्हायचं (मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांची पूर्ण माफी २०२४-२५ पासून आली), पण त्यासाठी तहसीलदारांचा उत्पन्नाचा दाखला हवा. घरात कमावती मी एकटी. मिस्टर २०१६ ला गेले. पगाराची स्लिप माझी, आधार माझं, तर अर्जही मीच भरणार असं ठरवलं. मुलगी त्या आठवड्यात नाशिकला मावशीकडे होती. आई जेवून झोपली आणि रात्री दहाला मी लॅपटॉप उघडला.

हे काम मला नवीन नव्हतं. माझ्याकडे एनव्हीडीए आहे, ऑस्ट्रेलियातल्या दोन अंध तरुणांनी बनवलेला, फुकट मिळणारा स्क्रीन रीडर, म्हणजे स्क्रीनवरचं मोठ्याने वाचून दाखवणारा प्रोग्राम. बँकेचे व्यवहार, विजेचं बिल, बाहेरगावच्या गाडीचं तिकीट मी माझं मी करते. माउसला हात लावायचा नाही, टॅब मारत पुढे जायचं आणि तो वाचेल ते ऐकायचं. दाखल्याच्या अर्जाच्या पानावर त्याने वाचलं, "बटन. बटन. ग्राफिक. एडिट. एडिट. बटन." कसलं बटन, कशाची चौकट, पत्ता नाही. डोळसांना चौकटीशेजारी "अर्जदाराचे नाव" असं छापलेलं दिसत होतं, हे मला नंतर कळलं. ते शब्द त्या चौकटीला आतून जोडलेलेच नव्हते. पान मराठी, पण कोडमध्ये भाषा इंग्रजी नोंदवलेली, म्हणून इंग्रजी आवाज मराठी अक्षरांवर अडखळत होता.

जन्मतारखेपाशी तास गेला. तारीख टाइप करायला बंदी, कॅलेंडरमधूनच निवडायची. माउसने वर्षावर क्लिक केलं की यादी उघडते म्हणे, पण कीबोर्डने फक्त "मागील महिना" हे एकच बटन सापडत होतं. माझा जन्म ऑगस्ट १९७४ चा. जुलै २०२३ पासून तिथवर जायला ते बटन ५८७ वेळा दाबायचं. मी दाबलं. मोजत दाबलं, कारण मधे चुकलं तर कुठे आहोत ते कळणार नव्हतं.

मग कॅप्चा आला, चित्रातली वेडीवाकडी अक्षरं ओळखून टाकायची ती चाचणी. ऐकायचा पर्याय नाही, नुसतं चित्र. मुलीला व्हिडिओ कॉल लावला आणि फोन स्क्रीनसमोर धरला. "आई, फोन वर घे. अजून वर. आता डावीकडे. चमकतंय गं, काहीच दिसत नाहीये." तिने सहा अक्षरं वाचली, मी टाकली, आणि तेवढ्यात सेशन संपलं. सगळं पुसलं गेलं. जन्मतारीखसुद्धा. असं तीनदा झालं. रात्री एकला तिला म्हटलं, झोप तू.

दुसऱ्या दिवशी अर्धी रजा टाकून एका सेवा केंद्रावर गेले. प्रवेशाचे दिवस, रांग रस्त्यापर्यंत. माझा नंबर आला तेव्हा केंद्रावरच्या मुलाने सगळ्यांसमोर मोठ्या आवाजात विचारायला सुरुवात केली, "मावशी, उत्पन्न किती? नवरा काय करतो? वारला? कधी? मृत्यूचा दाखला आणलाय का?" मागे बारा-पंधरा माणसं, त्यातली निम्मी आमच्याच गल्लीतली. ज्या गोष्टी मी ऑफिसात सात वर्षांत कुणाला सांगितल्या नव्हत्या, त्या पाच मिनिटांत भांडुपच्या रस्त्यावर सांगितल्या. आधारचा ओटीपीही तसाच मोठ्याने.

त्या मुलाने अर्जात मोबाइल नंबर स्वतःचा टाकला. त्याच्या दृष्टीने सोयीचं, सगळे अर्ज एका ठिकाणी. सहा दिवसांनी अर्ज त्रुटीत निघाला, कारण पगाराच्या स्लिपचा स्कॅन अस्पष्ट होता. तो मेसेज त्याच्या फोनवर गेला आणि शेकडो मेसेजांत बुडाला. मी वाट बघत राहिले. अठराव्या दिवशी पुन्हा गेले तेव्हा कळलं. कॉलेज थांबलं नाही. पूर्ण फी भरा, सवलत मंजूर झाली की परत करू, म्हणाले. आईच्या पाटल्या गहाण ठेवून ४२,००० रुपये उभे केले. पैसे पुढे परत मिळाले. व्याज कोण देणार?

त्या वर्षी गणपतीत भावाकडे ऐरोलीला हे सगळं सांगितलं. तो शांतपणे म्हणाला, "ताई, तुझं वाईट झालं, मान्य. पण किती अंध लोक हे फॉर्म भरतात सांग ना. टेंडरमध्ये सुगम्यतेचं, म्हणजे दिव्यांगांनाही साइट वापरता यावी याचं, कलम असतं, पण शेवटी मुदत येते, गर्दीत साइट टिकते का ते तपासायचं असतं, ते कलम मागे पडतं. आणि केंद्र आहेच की."

त्याला मी तेव्हा नीट उत्तर दिलं नाही, ताट घेऊन उठले. ते उत्तर आता देते. किती जण भरतात हे तुमच्या आकडेवारीत दिसणारच नाही. माझी ती तीन सेशन "अर्धवट सोडलेला अर्ज" म्हणून नोंदली गेली असतील, आणि केंद्रावरून भरलेला अर्ज "यशस्वी" म्हणून. त्या यशात एक अंध बाई आहे हे कुणाला कळणार? २०११ च्या जनगणनेत महाराष्ट्रात २९ लाख ६० हजारांहून अधिक दिव्यांग मोजले गेले, तेही तेव्हाच्या थोड्याच प्रकारांत. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याने प्रकार २१ केले.

आणि हा उपकाराचा विषयच नाही. त्याच कायद्याने संकेतस्थळं सुगम करणं सरकारवर बंधनकारक केलं. नियम २०१७ ला आले आणि सेवा देणाऱ्यांना दिलेली दोन वर्षं २०१९ ला संपली. सरकारी संकेतस्थळांसाठी केंद्राची मार्गदर्शक तत्त्वं २००९ पासून आहेत, २०२३ ला त्यांची तिसरी आवृत्ती निघाली. नोव्हेंबर २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने राजीव रतुरी यांच्या खटल्यात सांगितलं की सुगम्यतेचे मापदंड नुसत्या शिफारशी म्हणून ठेवणं कायद्याला धरून नाही, ते सक्तीचे करा. ३० एप्रिल २०२५ ला तर त्याच न्यायालयाने डिजिटल सेवांपर्यंत पोहोचणं हा घटनेच्या कलम २१ खालच्या जगण्याच्या हक्काचा भाग ठरवला. अ‍ॅसिड हल्ल्यात चेहरा जळालेल्या आणि दृष्टी नसलेल्या लोकांना केवायसीसाठी, म्हणजे ओळख पटवण्यासाठी, कॅमेऱ्यासमोर डोळे मिचकवायला सांगतात, त्यावरून ते प्रकरण उभं राहिलं होतं. भावा, तुझं मागे पडलेलं कलम हे आहे.

आता तुमचा प्रश्न. माझ्या मते सगळ्यात उपयोगी पडेल ती एकच अट: संकेतस्थळ तयार झालं की कंत्राटदाराचं शेवटचं बिल काढण्याआधी पाच-सहा दिव्यांग माणसांना बसवून, मानधन देऊन, खरा अर्ज सुरुवातीपासून पावतीपर्यंत भरून घ्यायचा. एक स्क्रीन रीडरवाला, एक कमी दृष्टीचा, एक कर्णबधिर, एक हात न चालणारा, एक सत्तरी ओलांडलेला. ज्याचा अर्ज अडेल तिथे बिल अडेल. अशी माणसं शोधायला मुंबईत लांब जावं लागत नाही. वरळीला नॅशनल असोसिएशन फॉर द ब्लाइंड आहे, वांद्रे रेक्लमेशनला कर्णबधिरांसाठीची अली यावर जंग संस्था आहे, आणि २०२२ च्या डिसेंबरपासून राज्यात स्वतंत्र दिव्यांग कल्याण विभागसुद्धा आहे. चौकटीला तिचं नाव आतून जोडणं, तारीख टाइप करू देणं, कॅप्चाऐवजी ओटीपी ठेवणं, सेशन संपायच्या आधी वेळ वाढवून मागता येणं, अर्धा अर्ज जपून ठेवणं ही कामं फार मोठी नाहीत. नंतर दुरुस्त करायला गेलं की महाग पडतात.

दुसरं, शासन निर्णय आणि अर्जाचे नमुने. कागद स्कॅन करून पीडीएफ चढवली की माझ्यासाठी ते कोरं पान. जुने नमुने तर श्री-लिपी, कृतिदेव असल्या फॉन्टमध्ये आहेत. डोळ्यांना ते मराठी दिसतं, पण आत अक्षरं इंग्रजी असतात, आणि स्क्रीन रीडर काहीतरी असंबद्ध बरळतो. युनिकोडमध्ये, म्हणजे आतही मराठी अक्षरंच राहतील असा, टाइप केलेला साधा मजकूर ठेवा, फोनवर वाचणाऱ्या डोळसांनाही तो बरा पडतो. लोकलमध्ये "पुढील स्टेशन" ही घोषणा गर्दीत खिडकी न दिसणारे सगळेच ऐकतात, आणि दिव्यांगांच्या डब्यासमोर फलाटावर वाजणारा बीप ऐकून मी रोज एकटी उभी राहते. रेल्वेला जे सुचलं ते एका फॉर्मला का सुचू नये?

व्हॉट्सअ‍ॅपचं म्हणाल तर मला आवडेल. फोनमधला टॉकबॅक हा स्क्रीन रीडर ते छान वाचतो. पण गप्पा मारून झाल्यावर शेवटी त्याच जुन्या पानाची लिंक येणार असेल तर काही बदललं नाही.

माणूस बसलेली खिडकी मात्र बंद करू नका. आमच्या आईचे बोटांचे ठसे रेशनच्या मशीनवर कित्येकदा उमटत नाहीत, आयुष्यभर भांडी घासून रेषा पुसल्यात. तिला कितीही चांगलं अ‍ॅप दिलं तरी माणूस लागणारच. केंद्राला माझा विरोध नाही. मला ते एकमेव दार म्हणून नको आहे. सगळी केंद्रं तशी नसतातही. आमच्या स्टेशनजवळची एक बाई प्रत्येक ओळ वाचून दाखवते, उत्पन्नाचा आकडा कागदावर लिहून मागते. भाऊही वाईट माणूस नाही, पाटल्या सोडवायला पैसे त्यानेच दिले.

तुम्ही स्वतः कुणासाठी धडपडत असाल तर लोकसेवा हक्क अधिनियम, २०१५ वापरा. सेवा ठरलेल्या मुदतीत मिळाली नाही किंवा नाकारली, तर ३० दिवसांत पहिलं अपील करता येतं, मग दुसरं, मग आयोगाकडे. दोषी अधिकाऱ्याला ५०० ते ५,००० रुपये दंड होऊ शकतो. मी तेव्हा अपील केलं नाही, कारण अर्ज क्रमांकच मला माहीत नव्हता, तो पावतीवर छापलेला होता आणि पावती पर्समध्ये पडून होती. केंद्रावर जाल तेव्हा मोबाइल नंबर स्वतःचाच टाकायला लावा, पावती हातात आली की तिथेच कुणाकडून तरी मोठ्याने वाचून घ्या, आणि क्रमांक फोनमध्ये आपल्या आवाजात रेकॉर्ड करा.