दुकानात मिळणाऱ्या डॉग ट्रीट्समधले घटक कुत्र्यासाठी सुरक्षित असतात का?

पाकिटामागची बीएचए, प्रॉपिलिन ग्लायकॉल ही नावं वाचून तुम्ही घाबरलात आणि आता ‘नॅचरल, प्रिझर्व्हेटिव्ह-फ्री’वालं घेऊ का म्हणून विचारताय. मला विचाराल तर त्या नावांपेक्षा ‘प्रिझर्व्हेटिव्ह-फ्री’ या शिक्क्याचीच जास्त धास्ती वाटते.

तुमची दोन नावं आधी उरकतो. बीएचए चरबी खवट होऊ नये म्हणून घालतात. उंदरांना ते भरपूर चारल्यावर पोटाच्या पुढच्या कप्प्यात गाठी आल्या, तेव्हापासून त्याचं नाव खराब झालं. तो कप्पा कुत्र्याला नसतो, माणसालाही नसतो. प्रॉपिलिन ग्लायकॉलमुळे बिस्कीट मऊ राहतं. अमेरिकेत मांजराच्या खाण्यात ते घालायला बंदी आहे, कारण मांजराच्या तांबड्या पेशी त्याने बिघडतात. कुत्र्याच्या खाण्यात चालतं. घरात मांजर असेल तर तिला त्यातलं देऊ नका, संपलं.

आता माझं दुखणं. लातूरला आमची वडिलांपासूनची आडत आहे. सोयाबीन, तूर, हरभरा, हंगामात भुईमूगही येतो. माझा मेहुणा पुण्यात असतो. त्याने नोकरी सोडून घरी कुत्र्यांची बिस्किटं करून विकायला सुरुवात केली आणि एक ऑनलाइन कोर्स करून तो कुत्र्यांचा आहारतज्ज्ञही झाला. पोळ्याला तो आला, सोबत त्याचा लॅब्राडोर आणि खाकी कागदी पिशव्यांचा गठ्ठा. अंगणात बैलांची खांदेमळणी चाललेली, सगळे हळद-तुपात, आणि हा आमच्या हरणीपुढे बिस्कीट धरून बसलेला. हरणी आमची कारवान कुत्री, जानवळहून आणलेली. भाकरी-ताक, उकडलेलं अंडं, कधी कोंबडीचं बिनमसाल्याचं मटण, यावर ससा दमवणारी.

मी बिस्कीट हातात घेऊन मोडलं. बाहेरून खुसखुशीत, मध्ये चिकट आणि ओलसर. नाकाशी नेलं तर पावसाळ्यात थप्पीच्या तळातलं पोतं उघडल्यावर येतो तो कुबट वास.

“दाजी, वास काय घेताय, तुम्हाला खायचंय का? शुद्ध शेंगदाणा, ओट्स, गूळ. केमिकल एक नाही.”

“दाणा कुठून घेतोस?”

“होलसेलमधून.”

“कुणाच्या?”

“असतो एक जण.”

“ओलावा बघितलास?”

“आता हे काय सोयाबीन आहे का, दाजी!”

मी हरणीला ते खाऊ दिलं नाही. बायको म्हणाली, माझा भाऊ एवढ्या लांबून घेऊन आला आणि तुम्ही कुत्रीसमोर त्याचा अपमान केला. पुरणपोळी त्या वर्षी तोंडं फिरवूनच खाल्ली आम्ही.

मी का अडलो ते सांगतो. डागी शेंगदाणा मोंढ्यात, म्हणजे धान्याच्या बाजारात, स्वस्त सुटतो. दाण्याच्या दोन पाकळ्या वेगळ्या केल्या की आत हिरवट-राखाडी भुकटी दिसते. ती बुरशी. याच जातीच्या बुरशीतून अफ्लाटॉक्सिन हे विष तयार होतं, शेंगदाण्यात, मक्यात, आणि ते थेट लिव्हरवर जातं. भट्टीत भाजलं म्हणून ते पुरतं जात नाही. असा दाणा तेल गाळायला गेला तर विष बहुतेक पेंडीत उरतं (म्हणजे पुढे म्हशीच्या पोटात, तो वेगळा वाद). पण दळून बिस्किटात घातला तर सगळं तिथंच. अमेरिकेत कुत्र्यांच्या खाण्यात अब्जात २० भाग ही मर्यादा आहे, तरी २०२०-२१ च्या हिवाळ्यात तिथं मक्यातल्या अफ्लाटॉक्सिनने शंभरावर कुत्री मेल्याची नोंद झाली. घटकांच्या यादीत तर नुसतं ‘मका’ असतं. यादी स्वच्छच दिसते.

२००७ साली तिथं कुत्र्या-मांजरांच्या खाण्यात घालायच्या गव्हाच्या ग्लुटेनमध्ये, म्हणजे गव्हाच्या प्रथिनात, मेलामाइन हे प्लास्टिकसाठी वापरायचं रसायन मिसळलेलं सापडलं. प्रथिनं मोजताना नायट्रोजन मोजतात, आणि मेलामाइनमध्ये नायट्रोजन भरपूर, म्हणून रद्दी माल प्रथिनांनी भरलेला दिसला. कुत्र्या-मांजरांच्या किडनीत खडे झाले. माल ओला करून वजन वाढवणारे मी रोज बघतो, त्यामुळे मला यात नवल वाटलं नाही. त्याच वर्षापासून चिनी चिकन जर्कीच्या, म्हणजे वाळवलेल्या चिकनच्या पट्ट्यांच्या, तक्रारी सुरू झाल्या. हजारावर कुत्री मेल्याची नोंद झाली, कित्येकांची किडनी गेली, अमेरिकेच्या एफडीएने, म्हणजे अन्न-औषध खात्याने, वर्षानुवर्षं तपासलं तरी नेमकं कारण हाती लागलं नाही. पाकिटावर काय होतं? चिकन, फार तर ग्लिसरीन. अवघड नाव एकही नाही.

म्हणून माल कुणाचा, कधीचा आणि कुठं ठेवलेला, हे आधी विचारा. आपल्याकडे भारतीय मानक ब्युरोचं पेट फूडसाठी आयएस ११९६८ हे मानक आहे, पण ते पाळायची सक्ती नाही. तेव्हा बनवणाऱ्याचा पूर्ण पत्ता आणि बनवल्याचा महिना नसेल तर पाकीट परत ठेवा. पावसाळ्यात लहान पाकीट घ्या. झायलिटॉल हे एकच नाव मात्र पाठ करा, साखरेऐवजी गोडीला घालतात ते. शुगर-फ्री पीनट बटरमध्ये असू शकतं, आणि कुत्र्याच्या रक्तातली साखर त्याने तासाभरात कोसळते, लिव्हरही जातं. चामड्याची चघळायची हाडं मी देत नाही. तुकडा गिळला तर आतड्यात अडकतो.

मेहुण्याच्या लॅब्राडोरने त्या दिवशी अर्धी पिशवी फस्त केली आणि त्याला काहीही झालं नाही. हे तो मला दर सणाला ऐकवतो. अरे, थोडं थोडं पोटात गेलं तर लिव्हर लगेच बोंब मारत नाही. डोळे पिवळे दिसेपर्यंत बराच उशीर झालेला असतो. अर्थात त्या पिशवीत विष होतंच असं मीही छातीठोक सांगू शकत नाही. कुबट वास बुरशीचा असतो, अफ्लाटॉक्सिनला स्वतःचा वास नाही, आणि चांगला दिसणारा दाणाही दगा देतो. घरी करणारे सगळेच असे नसतात. मी डॉक्टर नाही. तुमच्या कुत्र्याला लिव्हर-किडनीचं काही असेल तर माझं ऐकू नका, पशुवैद्याकडे जा.

मेहुण्याला मी सांगून ठेवलंय, एका लॉटची तरी अफ्लाटॉक्सिनची चाचणी लॅबमधून करून आण, रिपोर्ट चांगला आला तर हरणीला तुझ्याच हाताने बिस्कीट दे. रिपोर्ट काही आलेला नाही. पिशवीवर आता ‘व्हेट अप्रूव्हड’ असं नवीन छापून घेतलंय. कोणत्या व्हेटने, असं विचारलं की तो बहिणीला हाक मारून ताटं वाढायला सांगतो.