चौथ्या रकान्यातला शब्द

प्रिय मुली,

वाडीत औषध देणाऱ्या आजोबांकडून लिहून घेतलेली तुझी औषधी वनस्पतींची यादी मिळाली. चौदा वनस्पती, त्यातल्या नऊ सापाच्या विषावरच्या, आणि नवांपुढेही चौथ्या रकान्यात एकच शब्द: गुणकारी. कॉलेजच्या हर्बेरियममधल्या, म्हणजे वाळवलेल्या वनस्पतींच्या संग्रहातल्या, चिठ्ठ्यांवर मी स्वतः हा शब्द वर्षानुवर्षं लिहिला आहे, म्हणून हक्कानं सांगते, तो खोड. तिथे 'वापरतात' असं लिही. कोण वापरतं, मूळ की पाला, लेप की पोटात, हे लिही. आणि आजोबांना प्रत्येक वेळी विचार, साप कुठला होता आणि तो पाहिला कुणी?

बरेचदा उत्तर येईल, 'पळाला.' आपल्याकडे माणसं मारणारे साप मुख्यतः चार: नाग, मण्यार, घोणस आणि फुरसं. धामण, दिवड, कवड्या चावला तर माणूस भीतीनं अर्धमेला होतो, पण मरत नाही. शिवाय विषारी सापही कधीकधी विष न सोडताच चावतो. अशा दहाजणांना तू चहा पाजलास तरी ते उठून घरी जातील. म्हणून आजोबा खोटं बोलतात असं समजू नकोस. त्यांनी माणसं बरी झालेली खरंच पाहिली आहेत.

आता सापसण, म्हणजे ईश्वरी. या वेलीनं मला जास्त काळजी वाटते. तिच्या कुळातल्या वनस्पतींत अ‍ॅरिस्टोलोकिक आम्ल असतं. १९९०च्या सुमारास बेल्जियममध्ये वजन उतरवायच्या गोळ्यांत याच कुळातली एक चिनी वनस्पती गेली आणि शंभरावर बायकांची मूत्रपिंडं निकामी झाली. काहींना पुढे मूत्रमार्गाचा कर्करोग झाला. घोणसीचं विषही मूत्रपिंडावरच घाला घालतं. म्हणजे ज्याला घोणस चावली त्याला वर सापसणीचा काढा द्यायचा! एका काढ्यानं तेवढं होईल असं नाही, पण तुझ्या रकान्यात हे यायलाच हवं.

सापकांद्याचं फूल नागाच्या फण्यासारखं, म्हणून तो विषावर, एवढाच हिशेब. त्याच्या कंदात सुईसारखे स्फटिक असतात, घसा सोलून निघतो. नाग किंवा मण्यार चावलेल्याचा घसा आधीच लुळा पडत चाललेला असतो. कुठलाही रस पाजलात तर तो श्वासनळीत जायचा. कडुलिंबाचा पाला चावायला देऊन 'कडू लागतो का?' विचारण्याची, आणि कडू लागला तर विष चढलं नाही असं ठरवण्याची परीक्षाही त्यातलीच. मण्यारीचा दंश तर रात्री झोपेत होतो, दुखतही नाही, पहाटे पोटात कळा येतात आणि पापण्या जड होतात. त्या माणसाला पाला कडूच लागणार.

मुंगूसवेलीचं तर काय सांगू. मुंगूस लढाईआधी ती खातं म्हणे. मुंगसाच्या स्नायूंवर नागाचं विष जिथे चिकटायचं ती जागाच वेगळ्या घडणीची असते. वेलीचा त्यात हात नाही.

पण यादी फेकू नकोस. सर्पगंधेचं बघ. सापाच्या नावानं आली, सापावर उपयोगी नाही, पण १९४९ साली मुंबईच्या डॉ. रुस्तम जाल वकिलांनी रक्तदाबावरचा तिचा उपयोग ब्रिटिश हार्ट जर्नलमध्ये मांडला आणि तीन वर्षांत तिच्या मुळातून रेसर्पिन हे रक्तदाबाचं औषध निघालं. उपळसरीच्या मुळातल्या एका द्रव्यानं प्रयोगशाळेत घोणसीच्या विषाचा जोर कमी केलेला दिसला आहे. त्या रकान्यात हेही लिही, मात्र उंदीर आणि प्रयोगशाळा हे शब्द गाळू नकोस.

दंशावर औषध एकच, प्रतिसर्पविष, हाफकिनसारख्या संस्थांत घोड्यांच्या रक्तापासून बनवतात ते. ते रक्तात फिरणारं विष पकडतं. मज्जातंतूंवर, मूत्रपिंडांवर झालेलं नुकसान मागे घेत नाही. काढ्याचा खरा अपाय इथे आहे. काढा उकळायला अर्धा तास लागतो, आणि तो अर्धा तास त्या माणसाचा असतो.

हे आजोबांना कसं सांगायचं? खोटं पाडायला गेलीस तर ते उठून जातील आणि वाडीतला माणूस तरी आधी त्यांच्याकडेच येणार. माझ्या ओळखीच्या एका वैदूबाबांना मी एवढंच म्हटलं होतं, 'मंत्र म्हणा, पण गाडीत म्हणा.' ते हसले. त्यानंतर दंशाचा माणूस दारात आला की तेच पोराला १०८ लावायला सांगायचे, बांगड्या-अंगठ्या काढायला लावायचे, फाटकी साडी घेऊन पाय फळीला सैल बांधायचे, हाड मोडल्यावर बांधतात तसा. दोरीनं करकचून आवळणं, ब्लेड मारणं, रक्त चोखणं त्यांनी सोडलं. मंत्र मात्र सोडला नाही, आणि मीही सोडा म्हटलं नाही.

एक राहिलं. सातव्या क्रमांकाची तुझी सापसण मला फोटोत पहाडवेल वाटते. फळ धरेपर्यंत थांब. सापसणीचं फळ वाळलं की खालून नाही, देठाकडून उकलतं आणि शिंकाळ्यासारखं लटकतं. तसं दिसलं तर फोटो पाठव, नाहीतर नाव बदल.

तुझ्या,
बाई